संपातून परत आलेले पिंप

वाचकाचे पत्र

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहतो. घरात सासूबाई, माझे पती, मी आणि बारावीत शिकणारा मुलगा असे चौघे आहोत. आमची इमारत पुनर्विकासात गेली असून या महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची आहे आणि नवी जागा तयार होईपर्यंत विक्रोळीला भाड्याने राहायचे ठरले आहे. सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. 1968 साली लग्न होऊन त्या याच खोलीत आल्या. सासरे गिरणीत कामाला होते, सहा वर्षांपूर्वी ते वारले.

सामान बांधायला घेतले तेव्हापासून घरात रोज वाद होतात. पितळेचे तोटीचे पिंप, भिंतीवरची भांड्यांची मांडणी, सासऱ्यांची डब्याची पिशवी आणि गिरणीचा पास, तीन गोधड्या, पाटा-वरवंटा, बंद पडलेला रेडिओ, यांतले काहीही सोडायला सासूबाई तयार नाहीत. पिंपाबद्दल विचारले की “ते संपात गेले होते, मी परत आणले” एवढेच म्हणतात. माझ्या पतींना मात्र ते पिंप नजरेसमोरही नको असते. नव्या घरात चोवीस तास पाणी असताना हे धूड कशाला, असे त्यांचे म्हणणे. मागच्या रविवारी सासूबाई देवळात गेलेल्या असताना त्यांनी मांडणी भिंतीवरून उतरवून भंगारवाल्याला देऊन टाकली. सासूबाई आल्या, रिकाम्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्या मुलाशी बोलत नाहीत, जेवण निम्म्यावर आले आहे आणि रात्री त्या पिंपाला पाठ लावून झोपतात.

शेजारच्या बाई म्हणतात, वय झाले की माणसे अशीच वागतात. मुलगा म्हणतो, आजीच्या सगळ्या वस्तूंचे फोटो काढून ठेवू आणि वस्तू देऊन टाकू. माझे म्हणाल तर माझे त्या खोलीत फारसे काही नाही. पोटमाळ्यावर लग्नातली एक पत्र्याची ट्रंक आहे, ती गावी पाठवायची ठरली आहे. सासूबाईंना कसे समजवावे, हे कृपया सांगावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. त्यातला शेवटचा प्रश्न तुमच्या परवानगीने जरा बाजूला ठेवते, कारण समजूत काढण्याची पाळी येण्याआधी सासूबाईंना काय वाटते आहे हे घरात कुणी विचारलेले दिसत नाही. त्यांचे एक वाक्य मात्र तुम्ही जसेच्या तसे लिहून पाठवले आहे, आणि मला वाटते की तुमच्या घरातल्या सगळ्या वादाची किल्ली त्या एका वाक्यात आहे. त्याकडे येण्यापूर्वी खोलीबद्दल थोडे बोलू.

तुमच्या चाळी 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून त्या 207 इमारती, त्यांतल्या 121 एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर सामाईक संडास, आणि प्रत्येक कुटुंबाला साधारण 160 चौरस फुटांची एक खोली. आता तुम्हाला 500 चौरस फुटांचे घर मिळणार आहे आणि त्याचा आनंद तुम्हाला सर्वांना व्हायलाच हवा. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या 556 कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या, तेव्हा तुमच्या चाळीतही पेढे वाटले गेले असतील. परंतु 160 चौरस फुटांच्या खोलीचा एक नियम असतो आणि तो तिथे राहिलेल्या बाईइतका कुणालाच ठाऊक नसतो. त्या खोलीत काहीही उगाच राहू शकत नाही. गावाहून नोकरीसाठी आलेला दीर, बाळंतपणाला आलेली नणंद, शाळेची दप्तरे, पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे, या सगळ्यांना जागा करून देताना घरातली प्रत्येक वस्तू दर वर्षी नव्याने तपासली जाते. ज्या बाईने 57 वर्षे अशी खोली चालवली, तिने आजवर किती गोष्टी देऊन टाकल्या असतील, बोहारणीला घातल्या असतील, गावी धाडल्या असतील, याचा हिशेब करा. तुम्ही ज्या सहा-सात वस्तूंची यादी लिहिली आहे, त्या इतक्या चाळण्यांतून उरलेल्या आहेत. सासूबाईंना काही सोडवत नाही, हा समज म्हणून मला पटत नाही. त्यांनी आयुष्यभर सोडलेच आहे, आणि हे एवढे ठेवले आहे.

वय झाले की असे होते, हे शेजारच्या बाईंचे म्हणणेही याच कारणाने मला अपुरे वाटते. निरुपयोगी वस्तूंचा साठा करत जाण्याचा एक मानसिक विकार खरोखरच असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आता स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. त्यात वर्तमानपत्रे, पिशव्या, मोडके-तोडके सामान यांनी घर भरून जाते आणि चालायला वाट उरत नाही. तुमच्या पत्रात त्याची कोणतीही खूण नाही.

आता ते वाक्य. “ते संपात गेले होते, मी परत आणले.”

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातल्या बायकांनी ते दिवस कसे काढले, हे त्या पिढीच्या कोणत्याही घरात विचारले तरी कळते. आधी दूध कमी झाले, मग किराण्याची उधारी थांबली, मग कुडी, मग मंगळसूत्रातल्या वाट्या आणि त्यानंतर तांब्या-पितळेची भांडी घराबाहेर पडली. कुणी विकली, कुणी गहाण टाकली. या क्रमात पिंप बहुतेक शेवटी जाते, कारण ते घराचे पाणी असते आणि ते लपवून नेता येत नाही. पिशवीत घालून सावकाराकडे न्यावे अशी ती वस्तू नव्हे. दोघांनी धरून, सगळ्या मजल्यांवरून, सगळ्या उघड्या दारांसमोरून ते खाली न्यावे लागते. आणि परत आणायचे तर ते तसेच, सगळ्यांच्या देखत, वर चढवावे लागते. सासूबाईंनी ते परत आणण्यासाठी काय केले असेल, हे मला ठाऊक नाही. त्या वेळी बायकांनी खाणावळी चालवल्या, पापड लाटले, घरोघरी धुणी-भांडी केली. तुम्ही त्यांना विचारले पाहिजे. किती रुपयांना ठेवले होते, कुणाकडे, व्याज किती झाले, कोणत्या महिन्यात सोडवले, कुणी उचलून वर आणले. मला खात्री आहे की त्यांना यातला प्रत्येक तपशील आठवत असेल आणि गेल्या चाळीस वर्षांत तो विचारणारे कुणी भेटले नसेल.

यापुढे जे लिहिते तो माझा तर्क आहे. तुमच्या पतींना मी भेटलेले नाही. परंतु लग्न 1968 चे असेल आणि तुमचे पती आज पन्नाशीच्या आसपास असतील, तर संपाच्या वर्षी ते सात-आठ वर्षांचे असणार. ज्या दिवशी ते पिंप खाली नेले, त्या दिवशी ते बहुधा दारात उभे होते. आईच्या मनात ते पिंप परत आले तो दिवस आहे. मुलाच्या मनात कदाचित ते गेले तो दिवस आहे, खालच्या मजल्यावरच्या पोरांनी बघितले तो दिवस, वडील मान खाली घालून पुढे चालत होते तो दिवस. वस्तू एकच, आणि दोघांनी तिला दोन टोकांनी धरून ठेवले आहे. आईला ते डोळ्यांसमोर हवे आणि मुलाला ते डोळ्यांसमोर नको, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच वर्षात असू शकते. असे असेल तर मुलगा निर्दय आहे आणि आई हट्टी आहे, ही मांडणीच चुकीची ठरते. जे घडले ते दोघांच्याही अंगावर आहे आणि दोघांनीही ते एकमेकांना सांगितलेले नाही. माझा तर्क चुकला, तर मला आनंदच होईल. परंतु तुमच्या पतींना एकदा रात्री, सासूबाई झोपल्यावर, भांडणाचा सूर न लावता एवढेच विचारून बघा की पिंप नेले तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता. उत्तर मिळाले नाही तरी चालेल. प्रश्न त्यांच्यापाशी राहू द्या.

मांडणीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. ती मांडणी सासूबाईंची होती आणि ती त्यांच्या पाठीमागे देऊन टाकणे ही चूक होती. हेतू चांगला असला, घाई खरी असली, सामान हलवणाऱ्या टेम्पोचे पैसे वाचणार असले, तरीही ती चूकच होती. मांडणी म्हणजे पत्र्याचे कप्पे एवढेच नसते. कोणते ताट कुठे, वाट्यांची उतरंड कोणत्या खणात, पेले किती, आणि कुठला पेला पाहुण्याचा, हे सगळे त्या बाईचे शासन असते. दार उघडे असणाऱ्या चाळीत ती भिंत येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. त्या घरात आलेल्या सुनेचा संसार कसा चालला आहे, हे चाळ त्या भिंतीवरून ओळखते. देवळातून परत आलेल्या सासूबाईंना त्या दिवशी जे दिसले, ते असे होते की आपण जिवंत असतानाच आपल्या मागची आवराआवर सुरू झाली आहे. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंना हात लावतात. त्या गप्प झाल्या यात मला काहीही नवल वाटत नाही.

ही माफी तुमच्या पतींनी मागायची आहे. तुम्ही त्यांच्या वतीने मागू नका, आणि “त्यांच्या मनात तसे नव्हते” असे म्हणून मध्येही पडू नका. घराघरांत सुना हे काम वर्षानुवर्षे करतात आणि त्यामुळे आई-मुलांना एकमेकांशी थेट बोलण्याची सवयच राहत नाही. पतींनी भंगारवाल्याकडे एकदा जाऊन चौकशी करावी. मांडणी पुढच्या गोदामात गेली नसेल तर दोन पैसे जास्त देऊन ती परत आणावी. गेली असेल, आणि इतक्या दिवसांनी ती गेलेलीच असण्याची शक्यता जास्त, तर आईसमोर बसून तसे सांगावे. मी न विचारता दिली, ती परत मिळाली नाही, यापुढे तुझ्या कोणत्याही वस्तूला तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत. भरपाई म्हणून दुकानातून चकचकीत नवी मांडणी आणून उभी करण्याचा मोह मात्र आवरावा. सासूबाईंनी मागितली, तर आणावी.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे त्याला माझ्या आयुष्यातले एक कारण आहे. आई गेल्यावर साताऱ्याचे भाड्याचे घर मला रिकामे करायचे होते आणि माझी रजा चार दिवसांची होती. दोन दिवसांत मी ते घर झाडून मोकळे केले आणि त्या वेळी मला त्याचा अभिमानही वाटला. आईचे लाटणे मी आठवण म्हणून पिशवीत टाकले. पोळपाट जड होता, एका बाजूला झिजलेला होता, तो शेजारी देऊन टाकला. घरी आल्यावर लक्षात आले की आईच्या हाताची जागा लाटण्यावर नव्हती, ती पोळपाटाच्या त्या झिजलेल्या कडेवर होती. या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. लाटणे माझ्याकडे आहे. ते मी अजून वापरते, आणि प्रत्येक वेळी मला तो पोळपाट आठवतो. दोन दिवसांऐवजी चार दिवस घेतले असते, तर हे टळले असते.

वस्तूंना माणसे का धरून राहतात, याविषयी एक विचार इथे सांगण्यासारखा आहे. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. अगदी लहान मूल पांघरुणाचे एखादे टोक, एखादी चिंधी किंवा मऊ खेळणे जवळ घेतल्याशिवाय झोपत नाही, ते धुतले तरी त्याला चालत नाही, ही गोष्ट प्रत्येक आईला माहीत असते. विनिकॉट यांनी 1951 साली तिच्याविषयी एक निबंध वाचला आणि अशा वस्तूला एक नाव दिले. मराठीत त्याचा अर्थ सांगायचा तर संक्रमण-वस्तू असा सांगता येईल. आई जवळ असणे आणि आई जवळ नसणे, या दोहोंच्या मधला प्रवास मूल त्या वस्तूला धरून करते. त्यांचे आणखी एक सांगणे मला फार मोलाचे वाटते. ती वस्तू मुलाने शोधून काढलेली असते आणि ती कधी सोडायची हेही मुलानेच ठरवायचे असते. मोठ्यांनी ती हिसकावून घ्यायची नसते. विनिकॉट तान्ह्या मुलांविषयी बोलत होते हे खरे, आणि सासूबाईंना लहान मुलाच्या जागी बसवण्याचा माझा हेतू मुळीच नाही. तरीसुद्धा, घर पाडून नवे होईपर्यंत माणसे जिथे राहतात त्या जागेला मुंबईत संक्रमण शिबिर म्हणतात, हा शब्दांचा योगायोग माझ्या मनातून जात नाही. इमारतीच्या संक्रमणाची सोय करारात लिहिलेली असते. माणसाच्या संक्रमणाची सोय म्हणून बऱ्याचदा एक गोधडी आणि एक पिंप एवढेच असते.

गोधड्यांवरून आठवले. त्या तिन्ही गोधड्या विक्रोळीला न्या, त्याबद्दल चर्चाही नको. त्यांत कुणाकुणाची लुगडी आणि सासऱ्यांची धोतरे शिवलेली असतील ते विचारा, आणि पहिल्या रात्री सासूबाईंच्या अंथरुणात त्यांची नेहमीची गोधडी असेल याची काळजी घ्या. नवीन जागी वृद्ध माणसाला पहिले काही दिवस झोप लागत नाही, रात्री उठल्यावर दिशा कळत नाही, मोरी कुठे आणि दार कुठे याचा गोंधळ उडतो आणि पडण्याची भीती असते. ओळखीचा वास, ओळखीचा स्पर्श आणि ओळखीची रचना यांचा या बाबतीत फार उपयोग होतो. सध्याच्या खोलीत त्यांच्या अंथरुणाच्या कोणत्या हाताला भिंत आहे, पाण्याचा तांब्या कुठे असतो, देव कोणत्या कोपऱ्यात आहेत, हे आताच लिहून ठेवा आणि भाड्याच्या घरात शक्य तितके तसेच मांडा. चहा-साखरेचे डबे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ठेवा. 57 वर्षे हात ज्या दिशेला गेला, त्या दिशेला तो आपोआप जाणार आहे.

पिंपाकडे पुन्हा येते, कारण त्याचा विषय अजून पुरा झालेला नाही. चोवीस तास पाणी असताना पिंप कशाला, हा तुमच्या पतींचा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याला व्यवहाराचे उत्तर नाही. परंतु त्या प्रश्नात सासूबाईंना आणखी एक प्रश्न ऐकू येत असेल, असे मला वाटते. पाणी ठरावीक वेळीच येते अशा घरात पहाटे उठून पाणी भरणे हे सर्वांत पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम असते. तुमच्या घरात ते काम कुणाचे आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे की आजही ते सासूबाईंचे असेल, निदान नळाला पाणी आल्याचे पहिल्यांदा त्यांनाच कळत असेल. पिंप घासणे, गाळणे बांधणे, ते भरणे, झाकण ठेवणे, ही त्यांची दिवसाची सुरुवात. नव्या घरात नळ कधीही उघडा, पाणी असणार. पिंपाचे काम संपले, तसे त्यांचेही संपले. “हे धूड कशाला” हे शब्द म्हातारपणी माणूस फार लवकर स्वतःवर ओढवून घेतो. म्हणून पिंप नेण्याचे ठरवाल तर ते कोपऱ्यात शोभेसाठी उभे करू नका आणि त्यात छत्र्याही ठेवू नका. त्यात पाणी भरा. घरातले पिण्याचे पाणी पिंपातलेच, असा नियम भाड्याच्या घरापासूनच सुरू करा. आतून कल्हई गेली असेल तर आताच करून घ्या. तोटी गळत असेल तर बदलून घ्या. आणि चिंच लावून ते घासण्याचे काम सासूबाईंना जमेल तितके त्यांनाच करू द्या, हातातून काढून घेऊ नका.

नव्या घरात दूध उतू घालायला जाल, तेव्हा भरलेल्या कळशीबरोबर हे पिंपही आत जावे आणि त्यात पहिले पाणी सासूबाईंनी ओतावे, अशी माझी इच्छा आहे. मुलाने एका बाजूने आणि नातवाने दुसऱ्या बाजूने ते धरून आत न्यावे. इच्छा एवढ्यासाठी म्हणते की हे तुमच्या पतींवर लादता येणार नाही. त्यांना त्या वस्तूचा त्रास होत असेल, तर त्यांच्या त्रासालाही घरात जागा असली पाहिजे. कदाचित पिंप स्वयंपाकघरात, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नसेल अशा ठिकाणी ठेवता येईल. 500 चौरस फुटांत एवढी सोय होते, 160 मध्ये ती कधीच नव्हती.

तुमच्या मुलाची फोटो काढण्याची कल्पना मी टाकाऊ मानत नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत संशोधकांनी असे पाहिले होते की, जपून ठेवलेल्या वस्तूंचे फोटो काढून ठेवायला सांगितले तर माणसे त्या वस्तू दान करायला अधिक सहज तयार होतात. यात तथ्य आहे. बंद पडलेला रेडिओ किंवा जास्तीची ताटे यांच्या बाबतीत हा उपाय लागू पडू शकेल. मात्र फोटो काढल्यामुळे निर्णय फोटो काढणाऱ्याकडे जात नाही, एवढे त्याला समजावून सांगा. शिवाय त्याच्याकडे मोबाइल आहे तर त्याने फक्त वस्तू टिपू नये. आजीच्या समोर बसून पिंपाची, पासाची, डब्याच्या पिशवीची हकिकत तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावी. भांड्यांवर कोरलेली नावे त्याने वाचून काढावीत. आपल्याकडे लग्नातल्या आणि बारशातल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली असते, आणि अशी पंधरा-वीस भांडी समोर मांडली की नातेवाइकांची एक वहीच उघडते. त्यातले कोण आता हयात आहे, कोणाच्या घराशी बोलणे तुटले आहे, हे आजी सांगेल. बारावीचे वर्ष आहे हे मला माहीत आहे. रोज अर्धा तास पुरेल.

पाटा-वरवंटा जड असतो आणि तिथे सासूबाईंचेच मत घ्यावे. वरवंट्याला बारशात बाळासारखे नटवतात, त्यामुळे पुष्कळ घरांत पाटा गावी जातो आणि वरवंटा मुंबईत राहतो. सासऱ्यांचा पास आणि डब्याची पिशवी यांना जागा लागत नाही. ती सामानाच्या टेम्पोत टाकू नका, सासूबाईंच्या हातातल्या पिशवीत द्या. दारावर सासऱ्यांच्या नावाची पाटी असेल तर ती काढण्याचे काम शेवटच्या दिवसावर ढकलू नका, त्या दिवशी कुणालाच पेचकस सापडत नाही.

सासूबाईंचे जेवण निम्म्यावर आले आहे, याकडे मात्र स्वतंत्रपणे लक्ष द्या. माफी आणि बोलणे झाल्यावर त्यांचे खाणे पूर्ववत होईल अशी आशा आहे. दोन आठवड्यांत तसे झाले नाही, वजन उतरले, झोप गेली, किंवा दिवस-वेळ-माणसे यांचा विसर पडू लागला, तर डॉक्टरांना दाखवा. घरातल्या कुणालाही मनावरचा ताण असह्य वाटला तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते.

आता तुमच्याविषयी. तुमच्या पत्रात सासूबाईंच्या वस्तू मोजून नोंदवलेल्या आहेत, पतींचे मत आहे, मुलाची कल्पना आहे, शेजारणीचा शेरासुद्धा आहे. तुमच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे आणि तेही “माझे म्हणाल तर” अशा शब्दांनी सुरू होते. माझे त्या खोलीत फारसे काही नाही, एक ट्रंक आहे, ती गावी पाठवायची ठरली आहे. कुणी ठरवले, ते तुम्ही लिहिलेले नाही. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही त्या खोलीत राहिलात, ती झाडली, तिथे मुलाला वाढवले, आणि तुमची एकमेव वस्तू पोटमाळ्यावर आहे. सासूबाईंची मांडणी गेली तेव्हा तुम्हाला इतके का लागले, याचे कारण केवळ सासूबाई नसाव्यात.

ती ट्रंक खाली उतरवून घ्या. माळ्यावर तुम्ही चढू नका, मुलाला चढू द्या. दुपारी, पती कामावर असताना, सासूबाई समोर बसलेल्या असताना ती उघडा. आत काय आहे ते मला ठाऊक नाही. रुखवतातले विणलेले तोरण असेल, माहेरच्या शाळेतले प्रमाणपत्र असेल, आईने दिलेले आणि इथे नेसायला कधी मुहूर्त न मिळालेले एखादे पातळ असेल. जे असेल ते एकेक करून सासूबाईंच्या हातात द्या आणि ते कुठून आले ते त्यांना सांगा. त्यांनी तुम्हाला पिंपाची गोष्ट पुरी सांगावी असे वाटत असेल, तर सुरुवात इथून होऊ शकेल. पूर्वी लग्नातल्या ट्रंकेच्या झाकणावर ऑइलपेंटने मुलीचे नाव घालत असत. तुमच्या ट्रंकेवर ते आहे का बघा, आणि गंजाखाली गेले असेल तर गावी पाठवण्याचा बेत तूर्त रहित करून ते पुन्हा रंगवून घ्या. टेम्पोत ती पिंपाच्या शेजारी मावेल.